भवानी मॅडमचा ओटीपी

उदय सोळंकेने आपला कारखाना 'स्मार्ट' करायचं ठरवलं त्या दिवशी अमावास्या होती, हे त्याच्या आईने, सुशीलाबाईंनी, पुढच्या महिन्यात निदान चाळीस वेळा ऐकवलं. उदयचं म्हणणं होतं की कॉम्प्युटरला अमावास्या-पौर्णिमा नसते. हे वाक्य त्याला इतकं आवडलं होतं की त्याने ते रिक्षावाल्यालासुद्धा ऐकवलं होतं.

कारखाना म्हणजे कुकटपल्लीच्या एका गल्लीतली पत्र्याची शेड. आत एक मोठा प्रेस, दोन छोटे, एक ड्रिल, नऊ माणसं आणि बिजागऱ्या. दाराच्या, खिडकीच्या, कपाटाच्या, पेटीच्या. उदयच्या वडिलांनी, हिम्मतरावांनी, एकतीस वर्षांपूर्वी अफझलगंजमधलं दुकान धाकट्या भावाला देऊन ही शेड टाकली. हैदराबाद-सिकंदराबादेतली निम्मी दारं आपल्यामुळे उघडतात आणि लागतात, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. उरलेली निम्मी करकरतात, असंही सांगत.

पण हल्ली दारं तयारच येऊ लागली होती, चौकट, कडी, बिजागरी सगळं लावून. सुट्या बिजागऱ्या घेणार कोण? एक दिवस जेवताना हिम्मतराव म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघायचं. नाहीतर शेड त्या जिमवाल्याला देऊन टाकायची." जिमवाला काही दसऱ्याची वाट बघणारा नव्हता. तो दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन हजर झाला, आरसे कुठे लागतील तिथे भिंतीवर खडूने खुणा केल्या, आणि जाता जाता उदयच्या पोटावर नजर टाकून म्हणाला, "भाई, तुम्हारेकू तो पैला बॅच में लेता मैं." हे उदयला फार लागलं. दोन दिवस तो श्वास आत ओढून चालत होता.

त्याच आठवड्यात तयार दारं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं पत्र आलं. वर्षभराच्या बिजागऱ्या तुमच्याकडून घेऊ; मात्र प्रत्येक लॉट, म्हणजे एका खेपेचा माल, कधी निघाला, कुठल्या पत्र्यातून निघाला, कुठे गेला, हे कॉम्प्युटरवर दिसलं पाहिजे. महिन्याने आमच्या मॅडम येतील, त्यांच्यासमोर एक लॉट काढून दाखवा. थोडक्यात काय, मॅडम खूश झाल्या तर कारखाना, नाहीतर आरसे.

उदय हरखून गेला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण नवीन सायकल मिळणाऱ्या पोरासारखा घरभर फिरू लागला. बायकोला, निशिगंधाला, तो म्हणाला, "अगं, एकदा ही सिस्टिम बसली ना, की प्रेसचा प्रत्येक ठोका मला फोनवर दिसणार!" निशिगंधा म्हणाली, "छान. हॉलमधला पंखा तीनवर ठेवला की पाचवर पळतो, तेही दिसेल का बघा."

काचीगुड्याला त्यांच्या वरच्या मजल्यावर प्रतापराव राहत. सिकंदराबादच्या पार्सल ऑफिसात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून पूर्ण वेळ सल्ला देणारे. ते खास जिना उतरून आले. "उदय, कॉम्प्युटर घे, माझी ना नाही. पण रजिस्टर तीन ठेव. एक खरं, एक साहेबाला दाखवायला आणि एक हरवायला. चौकशी लागली की हरवलेलं रजिस्टरच माणसाला वाचवतं." चहा पिऊन ते वर गेले आणि चष्मा विसरला म्हणून पुन्हा खाली आले, तेव्हा त्यांनी हाच सल्ला पुन्हा दिला.

सिस्टिम बसवायला आला कौस्तुभ. मूळचा पुण्याचा, सध्या गच्चीबावलीत राहणारा. त्याच्या सॉफ्टवेअरचं नाव होतं 'सर्वज्ञ', आणि त्याचं प्रत्येक वाक्य 'बेसिकली'पासून सुरू होई. त्याने प्रेसला सेन्सर लावला, पॅकिंगच्या काट्याला वायर जोडली, भिंतीवर टीव्ही टांगला. प्रेस पडला की टीव्हीवरचा हिरवा आकडा एकने वाढायचा. पहिल्यांदा आकडा हलला तेव्हा उदयने टाळ्या वाजवल्या. मग नऊच्या नऊ माणसांनी वाजवल्या, आणि त्या नादात अर्धा तास कुणी काम केलं नाही. हेही टीव्हीवर दिसलं.

"कडक ठेवा," उदयने कौस्तुभला बजावलं. "आधीच्या लॉटचा एक एक नग ठिकाणी लागल्याशिवाय पुढचा लॉट सुरूच झाला नाही पाहिजे. प्रेसच चालला नाही पाहिजे!"

"बेसिकली तसं करता येतं, सर. पण एखादा बायपास ठेवू या का?"

"बायपास म्हणजे चोरवाट. काढून टाका."

कौस्तुभने काढून टाकली.

तिसऱ्या दिवशी टीव्ही लाल झाला. प्रेसमधून निघाले पाचशे, काट्यावर आले चारशे नव्याण्णव. दुसऱ्या लॉटलाही तेच, तिसऱ्यालाही तेच. प्रत्येक लॉटमागे एक नग गायब! टीव्हीवर 'संशयास्पद घट' अशी अक्षरं लुकलुकू लागली आणि उदयच्या अंगात गुप्तहेर संचारला. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. चौथ्या लॉटला तो भंगाराच्या पिंपामागे दबा धरून बसला. पांढऱ्या शर्टाला ग्रीस लागलं, गुडघ्याला मुंग्या आल्या, पण तो हलला नाही.

प्रेस पडला. फोरमन यूसुफभाईंनी पहिली बिजागरी उचलली, फडक्याने पुसली, टोकदार अणीने तिच्या पाठीवर काहीतरी ओरखडलं. मग चपला काढून ते कोनाड्यातल्या तुळजाभवानीच्या तसबिरीपाशी गेले आणि तिथे लोंबणाऱ्या तारेत ती बिजागरी ओवली. वळले तर पिंपामागे मालक.

"साब," यूसुफभाई काळजीने म्हणाले, "आप भंगार में कायकू बैठे?"

उदयला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण ही माळ तो एकतीस वर्षं बघत होता! प्रत्येक लॉटचा पहिला नग आईसाहेबांचा, म्हणजे तुळजाभवानीचा, हा हिम्मतरावांचा नेम शेड टाकली त्या दिवसापासूनचा. वर्षाची माळ दसऱ्याला उतरायची, मागच्या खोलीत खिळ्याला टांगायची आणि नवी तार लावायची. उदयने त्या माळेसमोर उभं राहून शेकडो वेळा प्रसाद वाटला होता. फक्त ही गोष्ट कॉम्प्युटरला कुणी सांगितलेली नाही, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

कौस्तुभला बोलावणं गेलं. तो म्हणाला, "बेसिकली सोपं आहे. तो नग आपण स्क्रॅपमध्ये दाखवू."

हिम्मतराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. "देवीपुढचा नग कशात दाखवायचा म्हणालात?"

"स्क्रॅ..." कौस्तुभ म्हणाला आणि खुर्ची मागे घेतली.

"मग ती प्रथा जरा थांबवली तर?" उदयने चाचरत विचारलं.

"प्रेस थांबव आधी," हिम्मतराव म्हणाले.

सर्वज्ञच्या मते माल कारखान्याबाहेर जायच्या दोनच वाटा होत्या. एक भंगार, दुसरी ग्राहक. शेवटी हिम्मतरावच म्हणाले, "एकतीस वर्षं दर लॉटचा माल नेते. तिच्यापेक्षा जुनं गिऱ्हाईक कोण हाय रे आपल्याला? लाव तिचं नाव."

अशा रीतीने फॉर्म भरायला बसले. नाव भवानी. आडनावाशिवाय फॉर्म पुढे सरकेना, तेव्हा यूसुफभाईंशी सल्लामसलत करून 'तुळजापूरकर' लिहिलं. पत्ता: शेड नंबर चौदा, कोनाडा. जन्मतारीख ऐच्छिक होती म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. फोन नंबर मात्र सक्तीचा. उदयने थोडा विचार केला आणि आईचा दिला. आईसाहेबांशी रोजचं बोलणं त्यांचंच होतं, दुसऱ्या कुणाचा देणार?

काचीगुड्याला सुशीलाबाई भाजी निवडत होत्या आणि फोन वाजला. 'प्रिय भवानी तुळजापूरकर, आपली ऑर्डर तयार आहे.' त्यांनी फोन देव्हाऱ्यात ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. निशिगंधाला तो दोन दिवस टाचणीने कोरून साफ करावा लागला. मग मात्र त्या सरावल्या. लॉट संपला की दुसऱ्या दिवशी नवाच्या ठोक्याला, माल पोचल्याची खूण म्हणून, त्यांना चार आकडी ओटीपी यायचा, यूसुफभाई फोन करून तो विचारायचे, भरायचे, टीव्ही हिरवा व्हायचा आणि पुढचा लॉट सुरू. "अम्मा, नंबर?" "तीन, सात, सात, एक. यूसुफ, तेरे बहू का पाँव अब कैसा है?" सगळा कारभार दहा मिनिटांत आटपायचा, त्यातली नऊ पायाची.

ओटीपीनंतर एक प्रश्नही यायचा: सेवा कशी वाटली? सुशीलाबाई नेमाने पाचपैकी तीन तारे द्यायच्या.

"आई, तीन?" उदय कळवळून म्हणाला.

"पाच दिले की माणसं चढून बसतात. तुला मी कधी दिले का पाच?"

तरीही उदयचा पाय जमिनीला लागत नव्हता. तीन आठवडे एक नग इकडचा तिकडे नाही! सर्वज्ञने भवानी मॅडमना 'प्लॅटिनम ग्राहक' जाहीर केलं होतं. आता तपासणीच्या मॅडम येऊ देत, नाहीतर त्यांची आख्खी कंपनी येऊ दे.

तपासणीच्या आदल्या दिवशी काचीगुड्याच्या महिला मंडळात प्रतापरावांचं व्याख्यान झालं. विषय, फोनवरच्या चोरांपासून सावधान. "हल्ली चोर तुमच्या मुलाचा आवाज काढतात," ते म्हणाले. "तेव्हा त्याला असं काही विचारा की जे फक्त मुलालाच ठाऊक असेल. आणि बरोबर उत्तर आलं तरी ओटीपी द्यायचा नाही." सुशीलाबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

तपासणीच्या दिवशी उदयने टाय लावला. शेडमध्ये पंखे गरम हवा ढकलत होते, तरी टाय. साडेनऊला पद्मजा रेड्डी मॅडम आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, खांद्याला पर्स आणि हातात माप घ्यायचा व्हर्नियर. नमस्कार-चमत्कार झाले, चहा झाला. "चलिए, लॉट शुरू कीजिए," त्या म्हणाल्या. उदयने मोठ्या दिमाखात हात वर केला. प्रेस ढिम्म हलला नाही.

यूसुफभाई पडलेल्या चेहऱ्याने पुढे आले. "साब, अम्मा मेरेकू पैचाने नै. 'कौन यूसुफ' बोलके फोन रख दिये."

उदयने घाईघाईने फोन लावला. घामाने बोटं निसरडी झालेली, त्यात स्पीकर सुरू झाला.

"आई, मी उदय. ओटीपी सांग लवकर."

"असं होय?" पलीकडून अत्यंत सावध आवाज आला. "मग सांगा बघू, पाचवीत असताना माझ्या उदयने काय गिळलं होतं?"

उदयने मॅडमकडे पाहिलं. मॅडम टीव्हीकडे बघत होत्या.

"स्क्रू," तो पुटपुटला.

"कसला?"

"पाऊण इंची. चपट्या डोक्याचा."

"आणि बाहेर कधी आला?"

"आई!"

"कधी आला?"

"तिसऱ्या दिवशी. सकाळी."

पद्मजा मॅडम एकदम खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"आवाज तर हुबेहूब काढलाय मेल्याने," सुशीलाबाई म्हणाल्या. "उत्तरंही पाठ करून आलाय. पण ओटीपी मिळायचा नाही!" आणि फोन बंद झाला.

पुन्हा लावला, उचलला नाही. पाच मिनिटांनी निशिगंधाचा फोन आला. "आई मेट्रोने निघाल्यात. कारखान्यावर दरोडा पडतोय म्हणतात. ओटीपी समोरासमोरच देणार." म्हणजे किमान तासभर! उदयने कौस्तुभचा हात धरला. "काहीतरी कर. नंबर बदल."

"ऑर्डर बाकी असताना ग्राहकाचा नंबर बदलत नाही, सर. बेसिकली..." कौस्तुभ खाली बघत म्हणाला, "बायपास तुम्हीच काढायला सांगितला होता."

"कोई बात नहीं," पद्मजा मॅडम म्हणाल्या. "तब तक पुराना रेकॉर्ड दिखाइए. दो हज़ार उन्नीस का कोई भी लॉट."

कौस्तुभने बटणं दाबली. सर्वज्ञने क्षणभर विचार केला आणि ठळक अक्षरांत उत्तर दिलं: नोंद आढळली नाही. सर्वज्ञचा जन्मच मुळी तीन आठवड्यांपूर्वीचा. मॅडमनी फाइल मिटली. "सॉरी सर. इतने से मैं क्या लिखूँ?"

उदयला भिंतीवरच्या खडूच्या खुणा दिसल्या. त्याला स्वतःची लाज वाटली, त्या टायची तर फारच. पण सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते यूसुफभाईंकडे बघून. एकतीस वर्षं या प्रेससमोर उभा राहिलेला माणूस उद्या कुठे उभा राहणार? त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायला टाय कामाला आला.

"कौनसा साल होना बोली बाई?" कोपऱ्यातून हिम्मतरावांनी विचारलं.

"एकोणीस," उदय म्हणाला.

म्हातारा उठला आणि यूसुफभाईंना घेऊन मागच्या खोलीत गेला. दोघं परत आले तेव्हा एक जाडजूड माळ दोघांच्या खांद्यावर होती. तारेला पत्र्याचा बिल्ला, त्यावर साल ठोकलेलं. ती टेबलावर पडली तेव्हा टेबल हललं.

"घ्या. सालभरातल्या प्रत्येक लॉटचा पैला नग."

मॅडमनी एक बिजागरी उलटी केली. पाठीवर बारीक ओरखडे होते, तारीख आणि पत्र्याच्या गुंडाळीचा नंबर. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग व्हर्नियर लावला. कोनाड्यातली कालची मागून घेतली, तिलाही लावला. मग पुन्हा एकोणीसची मोजली.

"फरक नै," त्या हळूच म्हणाल्या. "ये लिखा किसने?"

"मैं," यूसुफभाई म्हणाले. "बडे साब बोले, भवानी अम्मा को तारीख मालूम होना."

"आन् देवीला वाकडा नग द्यायचा कसा, बाई?" हिम्मतरावांनी मराठीतच सुरू केलं. "म्हणून पैला नग सरळ निघेस्तोवर आम्ही डाय, प्रेसचा साचा, लावत बसतो. कवा कवा अर्धा दिस जातो. तो एक सरळ निघाला, की मागचे पाचशे सरळच निघतात."

"आमच्याकडे याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं," पद्मजा मॅडम म्हणाल्या, स्वच्छ मराठीत. "तरी कुणी करत नाही."

उदयने दचकून पाहिलं. "मॅडम, तुम्हाला मराठी येतं?"

"मी आदिलाबादची. शाळेतल्या निम्म्या मैत्रिणी मराठी." त्यांनी व्हर्नियर पर्समध्ये टाकला. "स्क्रू पण समजला."

इतक्यात दारात सुशीलाबाई उभ्या राहिल्या, फोन पदरात घट्ट गुंडाळलेला, मागे मेट्रोपासून सोबत आणलेला एक पोलीस. त्यांनी उदयची हनुवटी धरून चेहरा उजेडात वळवला, लहानपणची खूण तपासली आणि पोलिसाला म्हणाल्या, "जाओ बेटा, हमाराच है." मग त्यांचं लक्ष यूसुफभाईंकडे गेलं आणि चेहरा उतरला. "यूसुफ, माफ कर रे. मैं डर गयी थी."

"नै अम्मा, अच्छा करे. किसीकू नक्को देना. मेरेकू बी नक्को."

सुशीलाबाईंनी कोनाड्याला हात जोडले, सगळ्यांना पाठ फिरवायला लावली आणि ओटीपी स्वतःच्या बोटांनी भरला. टीव्ही हिरवा झाला. प्रेस धाडकन पडला आणि नऊ माणसं, अजून न गेलेला पोलीस आणि पुण्याचा कौस्तुभ यांनी टाळ्या वाजवल्या. यूसुफभाईंनी पहिली बिजागरी उचलली, पुसली आणि क्षणभर मॅडमकडे पाहिलं. मॅडम बाजूला सरकल्या आणि त्यांनीही चपला काढल्या.

ऑर्डरचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. अटी बऱ्याच होत्या, पण शेवटची हाताने लिहिलेली होती: आमचा माल प्रत्येक लॉटच्या दुसऱ्या नगापासून मोजावा. पहिला जिचा आहे तिलाच जावा.

उदयने पत्र मोठ्याने वाचलं. हिम्मतरावांनी ते आणखी दोनदा वाचायला लावलं. मग उठले, हातोडी घेतली आणि जिमवाल्याने आरशासाठी जिथे खडूची खूण केली होती, बरोबर तिथे एक लांब खिळा ठोकला.

"मागची खोली भरली," ते म्हणाले. "यंदाची माळ हितं टांगू." आणि मग टीव्हीकडे बोट दाखवून, "हे बी राहू दे. बरं दिसतंय."

उदयला आयुष्यात वडिलांकडून मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी होती. तो इतका खूश झाला की त्याने घरी गेल्या गेल्या हॉलच्या पंख्याचा रेग्युलेटर बदलला. मग सहज कॅलेंडर पाहिलं, तर त्या दिवशी अमावास्याच होती. त्याने पान गुपचूप सारखं केलं.

सुशीलाबाई चष्मा लावून फोन बघत होत्या. सेवा कशी वाटली, असं सर्वज्ञ विचारत होता. त्यांनी बराच विचार करून बोट टेकवलं. उदयने मागून डोकावून पाहिलं. चार तारे!

"आई, आज तरी पाच द्यायचे!"

"एक राखून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला माळ बघीन, मग ठरवीन."